डिफ्रन्शल आणायला गेलो त्याची हकीकत

लोक म्हातारपणी काशीला जातात, रामेश्वरला जातात. मी मोटारीचं डिफ्रन्शल आणायला चुडाव्याला गेलो. काशीहून आलेल्याच्या लोक पाया पडतात. माझ्याकडं बघून गाव हसलं. तरी लिहितोय. ज्याच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्याला यातलं काही कामाला येईल, आणि ज्याच्या दारात नाही त्याला चुडावा तरी कळेल. मी चौथी शिकलो. काना-मात्रा पुतण्याच्या बायकोनं नीट केल्यात. बोलणं माझं आहे.

कशासाठी गेलो ते आधी सांगतो.

माझी बायको कौसा गेल्या माघात मेली. लोक म्हणतात वारली म्हणा, देवाघरी गेली म्हणा. मला ते जमत नाही. ताप आला, दवाखान्यात नेली, मेली. तिची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, चारठाण्याच्या वर डोंगरातल्या वस्तीवर राहते. त्याच दिवसांत अक्का अंगणात पडून तिचा खुबा मोडला होता. सख्खी बहीण मेली तरी तिला तोंड बघता आलं नाही. आमच्याकडं बाई मेली की तिच्या माहेरच्या बायका रडायला येतात. वेशीपासून सूर लावतात, दारात आल्या की उंबऱ्यावर बसून मेलेलीला शिव्या देतात, नावं घेतात, मग घरातल्या माणसाला जरा हलकं होतं. कौसाच्या माहेरचं म्हणून एक अक्काच उरलेली. त्यामुळं माझ्या दारात तसं कुणी रडलंच नाही. घर तसंच तुंबून राहिलं.

दिवाळीत पोरगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. म्हणाला, मावशीला मी आणतो. गेलो दोघं. पण त्या गाडीची सीट इतकी खाली की बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. अक्काचा खुबा वाकत नाही. आम्ही तिला तिरकी केली, उभी केली, पाय आधी घातले, डोकं आधी घातलं. ती बोंबलली.

"ह्या बशीत मला कामून कोंबायलाव रे? दाजी, तुमचा पांढरा डबा आना. त्यात मानूस खुर्चीवर बसल्यावानी बसतंय."

"आनतो अक्का."

"वर्षश्राद्धाच्या आत आना. नंतर येऊन काय करू? वरीस सरल्यावर रडलेलं तिला ऐकू बी यायचं न्हाई."

तिचा पोरगा आणि सून दसऱ्यापासून ऊसतोडीला गेलेली. शेजारीण भाकरी देते, पाणी भरते. तिला आणणारं दुसरं कुणी नव्हतं.

वालूर

पांढरा डबा म्हणजे माझी अँबेसिडर. कौसाशी लग्न झालं त्याच्या नंतर थोड्या वर्षांनी घेतली, तेव्हाही ती दुसऱ्याची वापरलेलीच होती. या गाडीत मी किती नवरदेव नेले आणि किती बाळंतिणी, त्याचा हिशोब नाही. कौसा मेल्यापासून छपरात उभी होती. पौष लागल्यावर ती पुसली, बॅटरी भरून आणली आणि अक्काला आणायला निघालो. वालूर आमच्या गावाहून जवळच. तिथल्या बाजाराच्या तोंडाशी गाडीच्या बुडाखाली कडाड् झालं. इंजिन चालू, गिअर पडतो, गाडी जागची हलत नाही. बाजारातल्या लोकांनी ढकलत रफिक मिस्त्रीच्या दारात नेली. रफिक माझ्या पोराच्या वयाचा आहे. त्याच्या बापानंही हीच गाडी सांभाळली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा जुन्या गाडीला इंजिन पुढं असतं आणि जोर मागच्या चाकांना असतो. मधून एक लांब शाफ्ट येतो. मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडाचं एक पोट आहे, त्याच्यात तो शिरतो. त्या पोटात मोठं दातेरी चाक असतं त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला खेटून लहान असतं ते पिनियन. शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, क्राऊन चाकांना. हे सगळं मिळून डिफ्रन्शल.

रफिकनं ते बाहेर काढलं आणि तेलाच्या परातीत ठेवलं. क्राऊनचे दात म्हाताऱ्याच्या तोंडातल्यासारखे झाले होते.

"मामू," तो म्हणाला, "हे आता फक्त नजर लागू नये म्हनून दाराला बांधायच्या कामाचं."

"नवं?"

"नवं कुठून आनू? कारखाना बंद, बनवनारे म्हातारे, चालवनारा तर तुमच्यासारखा." मग त्यानं बोट फिरवत दात मोजले. मोडलेल्याचे खुंट धरून. "पिनियनला आठ, क्राऊनला एकोनचाळीस. हीच जोडी बघा. भोकं जुळली म्हनून कायबी उचलून आनू नका. सगळी सारखीच दिसतात, दात वेगळे असतात."

मोडका पिनियन मी फडक्यात बांधून पिशवीत टाकला. पोराला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, गाडी भंगारात द्या आणि इकडं या राहायला. कितीदा सांगू?" मी फोन ठेवला.

परभणी

परभणीला जुन्या गाड्या तोडणारे आहेत. मी एस.टी.नं सकाळीच पोचलो. पत्र्याच्या कुंपणात अर्ध्या गाड्या, पाव गाड्या, नुसते दरवाजे. बॉनेटांची चळत भाकऱ्यांसारखी रचलेली. मध्ये बाभळ उगवलेली आणि तिच्या सावलीत बबनशेठ खाटेवर बसलेले. चांगला माणूस, पण बोलताना डोळा पिशवीवर.

"अँबेसिडरचं? हाय की. या, या काका."

त्यांनी पोत्याखालून काढलं ते रॉकेलनं धुतलेलं, चकचकीत. हातानं फिरवलं तर आवाजच नाही, लोण्यात बोट फिरल्यासारखं. माझं मन तिथंच बसलं. पिशवीतला पिनियन काढून शेजारी धरला. याला दात नऊ. क्राऊनचे मोजले, सदतीस.

"हे डिझेल टॅक्सीचं," शेठ म्हणाले. "भोकं तीच, ॲक्सल तोच. उलट चांगलं. तुमचं जुनं कसं, शाफ्ट पाच वेळा फिरावा तवा चाक एकदा. हे चार वेळातच. इंजिन निवांत, गाडी सुसाट. पुन्याला जाल तर कळनार न्हाई कधी आलं."

"आन चढाला?"

शेठनी खाटेवर पाय वर घेतले. "चढाला जरा दम लागल. लोक दोन गोष्टीसाठी घेतात बगा. रोडला पळवायला न्हाईतर लोड वढायला. तुमाला कशाला पाहिजे?"

सोपा प्रश्न होता. मी बाभळीकडं बघत बसलो. अक्काला आणायचं एवढं कळत होतं, पण अक्का एकदा येऊन जाईल, नंतर मी कुठं जाणार आहे? बाजारहाटाला पुतण्याची मोटरसायकल आहे. ज्या बाईला घेऊन फिरायचो ती नाही. पुण्याला जायचं असेल तर हे टॅक्सीचंच बरं.

रफिकला फोन लावला. तो म्हणाला, "बसंल मामू. सपाटीला चांगलंच चालंल. पन चारठान्याच्या वरचा चढ मी बघितलाय. तिथं रडंल."

शेठना म्हणालो, ठेवा, विचार करतो. पुढं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं ते मला आवडलं. "जुनीच जोडी पाहिजे तर चुडाव्याला एक गाडी उभी हाय, माधवरावाच्या आखाड्यावर. मी तीनदा मागितली. देत न्हाईत. तुमी डोकं आपटून बगा."

दुपारी खानावळीत जेवलो. भाजीवर तेलाचा बोटभर तवंग आणि त्यात मिरची पोहत होती. आमच्याकडं एवढ्या तेलात आठवड्याची भाजी होते. वाढणारा म्हणाला, "मामा, रस्सा घ्या अजून." घेतला. फुकट मिळतो.

चुडावा

पूर्णा ओलांडून रेल्वे पुढं निघाली की खिडकीबाहेरचा रंग बदलतो. आमच्या सेलूकडं या दिवसांत ज्वारी, हरभरा, करडई आणि मधल्या जागा उघड्या. इकडं कॅनॉलचं पाणी. केळी, ऊस, हळद. जमीन कुठं दिसतच नाही. चुडाव्याचं स्टेशन लहान आहे. उतरलो मी आणि एक बाई, तिच्याजवळ बकरी होती. माधवरावांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, कुठं ते विचारलं तर तिनं बकरीच्या दोरीसकट हात करून दाखवलं. बकरी त्या बाजूला ओढली गेली.

माधवराव पन्नाशीचे, धिप्पाड, आवाज मात्र बारीक. मी आलोय कशाला ते ऐकून मागं वळून म्हणाले, "अगं, अजून एक आला बग गाडीवाला." आतून त्यांची बायको रुक्मिणबाई आल्या. हात हळदीनं पिवळे. हळद शिजायची होती.

"इकायची न्हाई," त्या म्हणाल्या. "सासऱ्याची हाय. दसऱ्याला आमी हार घालतो."

"गाडी नगं बाई. तिच्या पोटातलं एक लोखंड पाहिजे."

मग पिशवीतला पिनियन दाखवला, अक्काचं सांगितलं, बशीचं सांगितलं. रुक्मिणबाई हसल्या आणि मध्येच थांबल्या. "म्हंजी बहिणीला रडायला न्यायचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. आमच्याकडं घरातल्या मोठ्या गोष्टी गडी बोलतो आणि बाई आतून ठरवते. इथं बाईच बोलत होती.

"बगा तर आधी, हाय का तुमच्या जोडीची," त्या म्हणाल्या. "पन गाडी हलवायची न्हाई. आत अंडी हायत."

गाडी गोठ्याच्या पडवीत होती. मागच्या सीटवर, डाव्या अंगाला, स्पंजात खड्डा करून खुडूक कोंबडी बसलेली. मी काचेतून वाकलो तर तिनं अंग फुगवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी टोपी काढली.

"अंडी हिंदकळली की आतलं पिलू मरतंय," रुक्मिणबाई म्हणाल्या. "तुमाला उचलायची तर तिकडून उचला, उजवीकडून. इकडचं चाक भुईवरच राहू द्या."

पोट न उघडता दात कसे ओळखायचे ते रफिकनं सांगितलं होतं. गिअर काढायचा, मागची दोन्ही चाकं उचलायची, चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारायची. दोन्ही चाकं बरोबरच एक फेरा फिरवायची आणि शाफ्टची रेघ किती वेळा येते ते मोजायचं. आमचं डिफ्रन्शल असेल तर पाचाला जरा कमी यायला पाहिजे. उजव्या चाकाखाली माधवरावांनी ट्रॅक्टरचा जॅक लावला, हळू, देवाची पालखी उचलावी तसा. मी खाली पडून शेणात मान टेकवली. ते चाक फिरवू लागले.

अडीचला जरा कमी.

"पुन्ना फिरवा."

पुन्हा अडीचला जरा कमी. मी बाहेर आलो. हे आमचं नाही, टॅक्सीचं नाही, कशाचंच नाही. माझ्या पाठीला शेण आणि मनात शेण. रुक्मिणबाईंनी गरम पाणी काढून दिलं. म्हणाल्या, "आता गाडी कुठं हाय परत जायला. हुरडा खाऊन जावा उद्या."

त्या संध्याकाळी बबनशेठचा फोन आला. "काका, दुसरं गिऱ्हाईक उभं हाय. देऊ का?" मी म्हणालो, "देऊ नका. सकाळी येतो." ठरलंच मग. नऊ-सदतीस. चढाला रडली तर रडू दे, मागून ढकलू. फोन ठेवला तेव्हा जरा बरंही वाटलं. पुण्याला जायचं, पोराच्या घरात गप बसायचं, संपलं.

सकाळी उठून स्टेशनाकडं निघालो. कॅनॉलचं पाणी फुटून रस्त्यावर चिखल झालेला आणि त्यात उसाचा ट्रॅक्टर रुतलेला. एक मागचं चाक कोरड्या मुरुमावर ठाम उभं. दुसरं चिखलात, ते गरगरा फिरत होतं आणि लोकांच्या अंगावर राड उडवत होतं. ड्रायव्हर शिव्या देत होता, चिखलाला, मालकाला, कारखान्याला. मी पण उभा राहिलो मजा बघत.

आणि डोक्यात घंटा वाजली. एक चाक गप धरलं की दुसऱ्याच्या वाट्याला दुप्पट फिरणं येतं. उभ्या आयुष्यात मी शंभरदा चिखलात असाच रुतलो आणि खाली उतरून असंच बघितलं. आणि काल मात्र कोंबडीपायी डावं चाक भुईवर ठेवलं आणि उजवं एकच फेरा फिरवून मोजलं! दोन फेरे फिरवायला पाहिजे होते. दोनदा अडीचला जरा कमी, म्हणजे पाचाला जरा कमी. आमचंच!

मी माझ्या वयाला न शोभेल अशा चालीनं परत आलो. माधवराव दूध काढत होते.

"चुकलं का काही? पिशवी राहिली का?"

"चाक दोनदा फिरवा."

"आता?"

"आता."

फिरवलं. रेघ चार वेळा गेली आणि पाचव्याला येता येता राहिली. मी शेणातच पडून राहिलो थोडा वेळ. वरून रुक्मिणबाई म्हणाल्या, "मामाला काय झालं बगा की!"

तिथूनच मी बबनशेठना फोन केला. "शेठ, देऊन टाका त्या गिऱ्हाइकाला."

"अहो, कामून? चांगली वस्तू व्हती."

"तुमी इचारलं व्हतं न्हाई का, रोडला का लोडला? लोडला."

आता अडचण राहिली ती कोंबडीची. डिफ्रन्शल काढायचं तर दोन्ही बाजूंचे ॲक्सल ओढायला लागतात, म्हणजे गाडी दोन्हीकडून उचलायची. पिलं निघेपर्यंत रुक्मिणबाई हात लावू देणार नव्हत्या. मीही नाही म्हणालो. रफिकला निरोप दिला की अवजारं घेऊन ये, पण सावकाश ये.

पैशाचं विचारलं तर माधवराव पैशावर आलेच नाहीत. "तुमचं मोडकं आना," ते म्हणाले, "आन आमच्यात बसवा."

"मोडकं कशाला?"

"दसऱ्याला पोकळ गाडीला हार घालू का? पोटात काय तरी पाहिजे की."

त्यात मला काही चूक वाटली नाही.

ते थांबण्याचे दिवस माझे बरे गेले. आखाड्यावर हुरडा भाजला, लसणाची चटणी, वरून ताक. आमच्याकडं हुरड्याला सुरती ज्वारी धरतात, इकडं गुळभेंडी. गुळभेंडी गोड आहे हे मी मान्य करतो, आमच्या गावात कुणाला सांगू नका. हळद शिजवायच्या कढईपाशी बसलो. त्या वाफेनं डोळ्यांतून पाणी येतं, सगळ्यांच्याच येतं, त्यामुळं कुणी कुणाला विचारत नाही. मला ती जागा आवडली. मी रोज तिथं बसायचो.

एका सकाळी सीटवरून चिवचिव आली. रुक्मिणबाईंनी पिलं टोपल्यात काढली आणि दुपारच्या पॅसेंजरनं रफिक उतरला, खांद्यावर माझं मोडकं डिफ्रन्शल पोत्यात घालून.

"मामू, डब्यात समद्यांनी इचारलं, पोत्यात काय हाय. मी मनलो, मामूचं काळीज हाय. कुनी जवळ बसलं न्हाई."

त्यानं पडवीतल्या गाडीचं डिफ्रन्शल खोललं. जुनं घेणाऱ्यानं काय बघावं ते मी त्याच्याकडून बघून घेतलं, तुम्हीही बघा. आधी आतलं तेल बोटावर घेऊन चोळायचं. उन्हात लोखंडाची चमक दिसली तर तसंच बंद करून घरी जायचं. मग क्राऊन हातानं मागं-पुढं हलवायचं. केसभर हललं तर ठीक, खडखड हललं तर नको. दातांच्या तोंडावर बोट फिरवायचं. खड्डे लागले तर नको. आमच्यात तेल काळं पण मऊ, चाल केसभर, दात सगळे तोंडात. मोजले. आठ आणि एकोणचाळीस.

"आवाज करंल मामू," रफिक म्हणाला. "जुनी जोडी हाय, हूं हूं करत चालंल."

"करू दे. घरात तसं बी कुनी बोलत न्हाई."

मग आम्ही मोडकं त्या गाडीच्या पोटात घातलं, माधवरावांनी नट आवळले आणि रुक्मिणबाईंनी दोन्ही गाड्यांचं म्हणून एकच नारळ फोडला.

चारठाण्याच्या वर

जिंतूरवरून चारठाण्याला गेलात तर जुनी दगडी देवळं बघायला थांबा. मी थांबलो नाही; वालूरला रफिकनं ती जोडी आमच्या गाडीत बसवली आणि मी सरळ निघालो होतो. गावाच्या पुढं रस्ता डोंगराला लागतो, डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. शेवटचा चढ असा आहे की बैलगाडीवाला खाली उतरून चालतो. मी पहिला गिअर टाकला. गाडी हूं हूं करत, बाळंतीण चालते तशी, एक-एक दगड बघत वर गेली. कुठं थांबली नाही, कुठं मागं सरली नाही. नऊ-सदतीस असतं तर त्या वळणावरच मी खाली उतरून दगड लावत बसलो असतो.

अक्का अंगणात काठी धरून उभी होती. आवाज तिला वळणापासून ऐकू आला असणार, कारण लुगडं नेसून, गाठोडं बांधून तयार होती.

"आला का डबा," ती म्हणाली. दार उघडलं, पाठ करून उभी राहिली आणि नुसती मागं टेकली. बसली. खुर्चीवर बसल्यासारखी. पाय शेजारणीनं आत उचलून दिले.

वाटेत एकदाच म्हणाली, "ह्या सीटवर ती डाव्या अंगाला बसायची." मी म्हणालो, व्हय. अक्का उजवीकडं सरकून बसली होती, मधली जागा सोडून.

घरी

वेशीत गाडी आली आणि अक्कानं सूर लावला. गाडी चालवताना मागून तो आवाज आला तसा मी गिअर उतरवला. गाडी दारात उभी केली. ती उतरली नाही. दार उघडं, पाय बाहेर, आणि तिथूनच. "माझ्या आदी जायची तुला काय घाई व्हती गं भवाने! मला पडलेली टाकून कशी गेलीस! दाजीला कुनाच्या जिवावर सोडलंस!" गल्लीतल्या बायका आल्या, तिच्या गळ्यात पडल्या, सगळ्या मिळून रडल्या. माझी कौसा कशी होती, काय खायची, कुणाशी भांडायची, कुणाला तिनं ओटीभर मिरच्या दिल्या, सगळं त्यात आलं. मी बॉनेटला टेकून उभा होतो. इंजिन गरम होतं, अंगरख्यातून चटका लागत होता, तरी मी बाजूला झालो नाही. किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

मग बायका गेल्या. अक्का काठी टेकत घरात आली, चुलीसमोर खुर्ची ओढायला लावली आणि बसली. चुलीत कोळ्यानं जाळं केलं होतं.

"जेवाय काय हाय?"

"पुतण्याच्या घरून डबा येतो, अक्का."

"बहिणीच्या घरी आले आन डबा खाऊ? चूल पेटवा."

"मला भाकरी येत न्हाई."

"मला वाकता येत न्हाई. तुमी वाका, मी सांगते."

पीठ घेतलं. ती वरून सांगत होती. पानी थोडं, अजून मळा, मळा की, लाजायलाव काय पिठाला! गोळा परातीत थापायला लागलो तर कडा फाटल्या. तव्यावर टाकताना मधून गेली. तीन तुकडे झाले, एक चुलीत पडला.

मी खाली मान घालून बसलो.

"कौसाची बी पयली अशीच मोडली व्हती," अक्का म्हणाली. "आई गेली तवा ती एवढीशी व्हती. मीच शिकवली. रडत बसली तुमच्यावानीच. घ्या दुसरा गोळा."

चुलीतला तुकडा तिनं काठीनं ओढून काढला, राख झटकली आणि मिठासंगं खाल्ला. मी दुसरा गोळा घेतला.